जहाजाचं वय कसं विचारावं

क्रूझच्या जाहिरातीत ‘नवीन जहाज’ असे शब्द दिसले, की आधी एकच विचारायचं : नवीन म्हणजे कधीचं? मुंबईहून सुटणाऱ्या देशी क्रूझचंच बघा. कॉर्डेलिया क्रूझेसचं ‘एम्प्रेस’ सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून निघालं, तेव्हा आपल्याकडे त्याचं कौतुक नव्या जहाजासारखंच झालं. ते बांधलं गेलं होतं १९९० मध्ये, फ्रान्सच्या सँ-नाझेर इथल्या गोदीत, ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने. २००४ मध्ये ते ‘एम्प्रेस ऑफ द सीज’ झालं, २००८ मध्ये स्पेनच्या पुलमांतुर कंपनीकडे ‘एम्प्रेस’ म्हणून गेलं, २०१६ मध्ये मूळ मालक रॉयल कॅरिबियनकडे परतलं आणि कोविडच्या काळात विकलं जाऊन आपल्याकडे आलं. कॉर्डेलियाच्याच ताफ्यात आणखी दोन जहाजं आणण्याचा करार २०२५ मध्ये जाहीर झाला : ‘नॉर्वेजियन स्काय’ २०२६ साठी आणि ‘नॉर्वेजियन सन’ २०२७ साठी. पहिलं १९९९ चं, दुसरं २००१ चं. म्हणजे या ताफ्यातली ‘नवी’ जहाजंही पंचविशीच्या घरातली आहेत.

यात फसवाफसवी नाही. प्रवासी जहाज नीट राखलं तर तीस-पस्तीस वर्षं सहज चालतं आणि मोठ्या कंपन्यांनी वापरून विकलेली जहाजं दुसऱ्या देशांत चालवणं हा जगभरचा रिवाज आहे. अडचण आपल्या प्रश्नात आहे. नागपुरात धंतोली किंवा रामदासपेठेतल्या ट्रॅव्हल एजंटसमोर बसून आपण विचारतो, “जहाज नवं आहे ना जी?” तो ‘हो’ म्हणतो आणि खोटंही बोलत नाही. जहाजाला तीन तारखा असतात : बांधणीची, ताफ्यात आल्याची आणि शेवटच्या मोठ्या दुरुस्तीची. जाहिरातीत मधली छापतात. आपल्याला पहिली आणि तिसरी हवी असते, त्यातही तिसरी जास्त.

पहिली तारीख शोधणं सोपं आहे. प्रत्येक जहाजाला सात आकडी आयएमओ क्रमांक असतो. नाव बदलो, मालक बदलो, झेंडा बदलो, तो जन्मभर तोच राहतो. एम्प्रेसचा क्रमांक ८७१६८९९. इंटरनेटवर हा आकडा टाकला की जहाजाची सगळी जुनी नावं आणि बांधणीचं साल समोर येतं. तिसरी तारीख मात्र एजंटाकडूनच काढून घ्यावी लागते. ‘शेवटचं ड्राय डॉक कधी झालं आणि त्यात खोल्यांचं काम झालं की नुसतं तळाचं?’ असं विचारा. प्रवासी जहाज पाण्याबाहेर, ड्राय डॉकमध्ये घेऊन तळाची तपासणी पाच वर्षांत किमान दोनदा करावीच लागते. त्यामुळे ‘नुकतंच ड्राय डॉकमधून आलं’ एवढ्याने काही कळत नाही. तळ खरवडून रंगवला असेल आणि खोलीतले गालिचे जुनेच असतील. ज्याला या प्रश्नाचं उत्तर ठाऊक आहे किंवा जो दोन दिवसांत कंपनीकडून विचारून सांगतो, त्याच एजंटाकडे पुढचं बोलणं करावं.

दुरुस्तीत काय बदलतं आणि काय बदलत नाही, हे नागपूरकराला समजावणं सोपं आहे. हिंगण्याच्या एसटी कार्यशाळेत जुन्या सांगाड्यावर नवी बॉडी चढते. आसनं नवी, पत्रा नवा, रंग झगझगीत. चाकांमधलं अंतर आणि इंजिनाची जागा मात्र आहे तिथेच. जहाजाचंही तसंच. गालिचे, गाद्या, पडदे, रेस्टॉरंट, मुलांची खेळायची जागा, वरच्या डेकवरची घसरगुंडी हे सगळं पाच-सहा आठवड्यांत नवं करता येतं. खोलीची लांबी-रुंदी, बाथरूमचा आकार, मार्गिकांची रुंदी, लिफ्टची संख्या आणि बाल्कनी असणं-नसणं हे सहसा बांधणीच्या दिवशीच ठरतं. १९९० मध्ये बाल्कनी ही श्रीमंतांची चैन होती. आजच्या जहाजावर निम्म्याहून अधिक खोल्यांना ती असते. म्हणून एम्प्रेसवर बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच आहेत आणि नूतनीकरणाने त्या सहसा वाढत नाहीत. बाल्कनी हवीच असेल तर जुन्या जहाजावर सहा महिने आधी धावपळ करा किंवा सरळ नवं जहाज बघा.

जुन्या जहाजाची आतली खोली कशी असते, ते आधीच डोळ्यांपुढे आणलेलं बरं. साधारण सव्वाशे चौरस फूट जागा. दोन पलंग, ओढून जोडले तर एक होतात. तिसऱ्या-चौथ्या माणसासाठी भिंतीतून किंवा छतातून खाली उघडणारा बर्थ, त्याला छोटी शिडी. रात्री बर्थ उघडले की खोलीत चालायला एका माणसापुरती वाट उरते. कुणाला बाथरूमला जायचं असेल तर दुसऱ्याने पाय वर घ्यायचे. बाथरूमच्या दाराला चार-पाच इंचांचा उंबरा असतो. पाणी बाहेर येऊ नये म्हणून तो ठेवलेला असतो, पण रात्री झोपेत आजोबांचा अंगठा हमखास त्याच्यावरच आपटतो. शॉवरला काचेच्या दाराऐवजी बरेचदा पडदा असतो, तो अंगाला चिकटतो. सॉकेट एक-दोनच, आरशाजवळ, अनेकदा अमेरिकन चपट्या पिनांचं. चार मोबाइल, एक बीपी मशीन आणि कॅमेरा एवढं चार्ज करायचं तर ॲडाप्टर घरूनच न्या. एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नका, तो सामान तपासताना काढून घेतात. विजेची किटली आणि इस्त्रीही. न्यायचेच असतील तर चुंबकाचे हुक न्या. खोलीच्या भिंती बहुधा पोलादी असतात, ओले टॉवेल आणि पिशव्या टांगायला त्यांच्यासारखी सोय नाही.

आतल्या खोलीत दिवस-रात्र कळत नाही, हा आणखी एक त्रास. २०११ मध्ये ‘डिस्ने ड्रीम’ने आतल्या खोल्यांत खोटी गोल खिडकी बसवली. बाहेरचा कॅमेरा जे पाहतो ते तिच्यात दिसतं. जुन्या जहाजावर ही सोय नसेल तर टीव्हीवर जहाजाच्या नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या कॅमेऱ्याचं चॅनेल लावून आवाज बंद करून झोपा. पहाटे पडदा उजळतो, आणि आजींना उठल्यावर ‘किती वाजले’ म्हणून सगळ्यांना जागं करावं लागत नाही.

खोलीनंतर गर्दी. इथे थोडं गणित करावं लागतं, पण ते चौथीतल्या पोराचं आहे. जहाजाचं ग्रॉस टनेज म्हणजे वजन नव्हे. ते आतल्या बंदिस्त जागेचं माप आहे. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागा, म्हणजे माणशी किती जागा येते ते कळतं. एम्प्रेस ४८,५६३ टनांचं, खोलीत दोघे धरले तर प्रवासी सुमारे १,६००, भागाकार ३०. नॉर्वेजियन स्काय ७७,१०४ टन, प्रवासी २,००४, उत्तर ३८. सिंगापूरहून चालणारं २०१६ चं ‘गेंटिंग ड्रीम’ दीड लाख टनांचं, प्रवासी ३,३५२, उत्तर ४५. उत्तर तिशीच्या आसपास आलं तर नाश्त्याला रांग, पूलला रांग, लिफ्टला रांग. चाळिशीच्या पुढे मोकळं वाटतं.

हा हिशेब खोलीत दोघे धरून केलेला आहे. दिवाळी आणि मे महिन्यात प्रत्येक खोलीत दोन पोरं जास्त असतात, तेव्हा खरा आकडा खाली येतो. डिस्नेच्या ताफ्यावर हे छान दिसतं. १९९८ चं ‘डिस्ने मॅजिक’ ८४,००० टनांचं आहे. ८७७ खोल्यांत दोघे-दोघे धरले तर माणशी ४८ येतात आणि सगळे बर्थ भरून २,७०० माणसं चढली की ३१. २०२२ चं ‘डिस्ने विश’ १,४४,००० टनांचं, भरलेलं असताना ४,००० प्रवासी, उत्तर ३६. आणि सिंगापूरसाठी आणलेलं ‘डिस्ने ॲडव्हेंचर’ २,०८,००० टनांचं आहे, पण त्याची क्षमता सुमारे ६,७००. भागून बघा, ३१ येतात. ताफ्यातलं सगळ्यात मोठं जहाज खच्चून भरलं की सगळ्यात जुन्याइतकीच दाटी. नवं म्हणजे ऐसपैस हे इथे लागू पडत नाही.

या ॲडव्हेंचरची कथा मजेशीर आहे. ते डिस्नेसाठी बांधलंच जात नव्हतं. जर्मनीतल्या विस्मारच्या गोदीत ‘ग्लोबल ड्रीम’ नावाने ते उभं राहत होतं, २०२२ च्या सुरुवातीला गोदी दिवाळखोरीत गेली आणि अर्धवट जहाज डिस्नेने विकत घेऊन पुरं केलं. पहिली सफर डिसेंबर २०२५ मध्ये व्हायची होती, ती पुढे ढकलून १० मार्च २०२६ ला ठेवली गेली. नॉर्वेजियन स्कायचंही असंच झालं होतं. ते ‘कोस्टा ऑलिंपिया’ म्हणून सुरू झालं, ब्रेमर व्हल्कान गोदी बुडाली आणि सांगाडा दुसऱ्याच कंपनीने पुरा केला. नवं जहाज ठरल्या तारखेला येईलच याचा भरवसा या धंद्यात कमी. म्हणून अगदी पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या सफरीचं तिकीट लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासारख्या न हलणाऱ्या तारखेला बांधू नका. विमानाची तिकिटं परत न मिळणारी असतात आणि सिंगापूरला नागपुराहून थेट विमानही नाही. मुंबई, दिल्ली किंवा हैदराबादमार्गे जावं लागतं, म्हणजे एक तारीख हलली की चार बुकिंगं हलतात.

आता मुलांकडे येऊ, कारण ‘नवं जहाज’ हा हट्ट बहुतेक त्यांचाच असतो. सहा ते चौदा वर्षांची मुलं असतील तर नव्या जहाजाचे पैसे वसूल होतात, हे माझं स्पष्ट मत आहे. ॲडव्हेंचरवर रोलर कोस्टर आहे, विशवर पाण्याची लांबलचक सफर आहे; ही पोरं दिवसभर तुम्हाला विचारणार नाहीत. तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर त्यातल्या निम्म्या गोष्टी त्याच्या उंचीला चालत नाहीत. मुलांच्या क्लबमध्ये घ्यायला मूल तीन वर्षांचं आणि लंगोट सुटलेलं असावं लागतं; त्याखालच्यांसाठी पाळणाघर असलं तर ते तासाच्या हिशेबाने पैसे घेतं. अशा घराने मोठ्या जहाजाच्या नादी लागू नये. लहान जहाजावर खोली, जेवण आणि डेक जवळजवळ असतात, आणि झोपाळू पोराला घेऊन लांबवर चालावं लागत नाही. अठराच्या आसपासच्या पोरांना जहाजाचं वय विचारतच नाही कुणी. त्यांना वायफाय लागतं. ते पॅकेजमध्ये आहे की वेगळं, तेवढं पाहून घ्या.

आजी-आजोबांचं मात्र उलट असतं, आणि इथे जुन्या जहाजांची बाजू घ्यावीशी वाटते. मॅजिक आणि १९९९ च्या ‘डिस्ने वंडर’वर चौथ्या डेकवर उघड्या हवेत जहाजाभोवती पूर्ण फेरी मारता येते. अंबाझरीला रोज सकाळी चालणाऱ्या माणसाला याचं मोल कळेल. नव्या जहाजांवर ती जागा अनेकदा रेस्टॉरंट, बोटी आणि खेळांनी खाल्लेली असते. लहान जहाज दोन दिवसांत पाठ होतं. २,००० माणसांत वेटर तिसऱ्या जेवणाला ‘काकूंना दही’ हे लक्षात ठेवतो. उलट मार्गिकेची रुंदी आणि बाथरूमचा उंबरा ही जुन्यांची कमजोरी. व्हीलचेअर लागत असेल तर जुन्या जहाजावर साधी खोली घेऊच नका. व्हीलचेअरच्या मोजक्या खोल्या असतात, त्या नाव-वयासकट आधी राखून ठेवा. मिळाली नाही तर जहाज बदला.

एम्प्रेसच्या लक्षद्वीपच्या सफरीत आणखी एक गोष्ट आहे, जी जहाजाच्या वयाशी नव्हे तर गुडघ्यांशी जोडलेली आहे. तिथल्या अगत्ती बेटाला एवढं मोठं जहाज धक्क्याला लागत नाही; ते दूर समुद्रात उभं राहतं आणि लहान बोटींनी किनाऱ्यावर नेतात. जहाजाच्या पोटातलं दार उघडतं, समोर फळी, पलीकडे बोट. लाटेबरोबर बोट फूटभर वर येते, फूटभर खाली जाते. दोन खलाशी तुमचे दोन्ही हात कोपराच्या वर घट्ट धरतात आणि बोट वर आली की म्हणतात, ‘आता’. त्या क्षणी पाय टाकायचा, विचार करत थांबायचं नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी हा टप्पा सोडून द्यावा आणि रिकाम्या जहाजावरचा निवांत दिवस घ्यावा. तो दिवस जहाजावरचा सगळ्यात चांगला असतो. समुद्र खवळला तर बोटी सोडतच नाहीत, आणि तेव्हा अगत्ती दिसतं ते लांबूनच. याबद्दल पैसे परत मिळण्याची आशा ठेवू नका, तिकिटाच्या अटींत ते लिहिलेलं असतं.

सुरक्षिततेचा मुद्दा नेहमी शेवटी येतो, पण मनात पहिला असतो. जुनं जहाज म्हणजे धोक्याचं, हे जुन्या बसवरून डोक्यात बसलेलं आहे. अपघातांची यादी पाहिली तर ते जमत नाही. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला जाताना पावसाळी समुद्रात बुडालेली ‘रामदास’ बोट १९३६ ची, म्हणजे अकरा वर्षांची होती. ‘टायटॅनिक’ पहिल्याच सफरीत गेलं. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आपटून आडवं झालेलं ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ २००६ मध्ये सेवेत आलेलं. तिथे जहाज म्हातारं नव्हतं, कप्तानाचा निर्णय चुकला होता. त्यानंतर नियम कडक झाले : बंदर सोडण्याआधी किंवा सोडताक्षणी सगळ्या प्रवाशांना आणीबाणीची कवायत दाखवावीच लागते. त्या वेळी बुफेकडे पळू नका.

नियमांनी जुन्या जहाजांनाही सोडलेलं नाही. १९९४ आधीच्या प्रवासी जहाजांना पुढे स्प्रिंकलर बसवावे लागले आणि १ ऑक्टोबर २०१० पासून बांधणीत ज्वलनशील साहित्य असलेली जुनी जहाजं आंतरराष्ट्रीय फेऱ्यांतून बाद झाली. प्रवासी जहाजाचं सुरक्षा प्रमाणपत्र दर वर्षी नव्याने घ्यावं लागतं. तरी एक खरा फरक राहतो. १ जुलै २०१० किंवा त्यानंतर ज्यांचा कणा घातला गेला त्या मोठ्या प्रवासी जहाजांना ठरावीक मर्यादेतली आग किंवा पाणी शिरल्यावरही स्वतःच्या शक्तीवर बंदरात परतता यावं, अशी दुहेरी यंत्रणा असावी लागते. आधीच्या जहाजांवर ती सक्ती नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये मेक्सिकोच्या आखातात १९९९ च्या ‘कार्निव्हल ट्रायम्फ’च्या इंजिनखोलीत आग लागली. आग विझली, प्रवासी वाचले, पण जहाजाची वीज गेली आणि ते ओढून आणेपर्यंत चार हजारांवर लोकांनी बंद संडास आणि उकाड्यात चार दिवस काढले. म्हणजे जुन्या जहाजावर जिवाचा धोका नव्यापेक्षा फारसा जास्त नसला, तरी हाल होण्याची शक्यता थोडी जास्त आहे. मुंबई-गोवा-मुंबईसारख्या किनारपट्टीच्या दोन-तीन रात्रींना मी ती मनावर घेणार नाही. रोजची औषधं मात्र चार दिवसांची जास्त न्यावी, ती सुद्धा हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगा खोलीत पोहोचायला संध्याकाळ होते.

सिंगापूरचा पर्याय ज्यांच्यासमोर आहे त्यांनी जहाज कुठे थांबतं हे आधी बघावं. ॲडव्हेंचरच्या तीन-चार रात्रींच्या सफरी कुठल्याही बंदराला न थांबता समुद्रात फिरून परत येतात. जहाज हीच जागा. गेंटिंग ड्रीम मलेशिया-थायलंडच्या बंदरांना जातं आणि भारतीय शाकाहारी, जैन जेवणाच्या बाबतीत त्याचं नाव आहे. घरात आठ माणसं आणि त्यांतली पाच कांदा-लसूण न खाणारी असतील तर हा मुद्दा रोलर कोस्टरपेक्षा मोठा ठरतो. जहाज बाहेरच्या बंदराला जाऊन परत सिंगापूरला येत असेल तर सिंगापूरचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा लागतो, हे व्हिसाचा अर्ज करतानाच बघा.

मुलगा-सून अमेरिकेत असलेल्या घरांची गोष्ट वेगळी. तिकडे डिस्नेचा बहुतेक ताफा हाताशी असतो आणि तिथली मुलं आई-बाबांना हौसेने विशवर नेतात. पोर्ट कॅनव्हेरलहून बहामाज, तीन-चार रात्री, नातवंडांसाठी उत्तम. पण आई-बाबांनी आयुष्यात एकदाच क्रूझ करायची असेल तर मी वंडरचं नाव सुचवेन. पंचविशी ओलांडलेलं जहाज, उन्हाळ्यात व्हँकुव्हरहून अलास्काला जातं, आणि हिमनदीसमोर डेकवर उभं राहिल्यावर पाण्याची घसरगुंडी कुणाला आठवत नाही. खोल्याही बऱ्या : डिस्नेच्या जुन्या जहाजांवर सगळ्यात लहान खोली १६९ चौरस फुटांची आहे आणि बहुतेक खोल्यांत संडास-बेसिन एकीकडे, न्हाणी-बेसिन दुसरीकडे अशी दोन दारं आहेत. चार माणसांच्या घराला सकाळी आठ वाजता याचा जो उपयोग होतो तो बाल्कनीचा होत नाही. व्हँकुव्हर कॅनडात आहे, तेव्हा अमेरिकेच्या व्हिसाबरोबर कॅनडाचाही लागेल; हा अर्ज नागपुरातूनच निघण्याआधी करावा. अमेरिकन बंदरांना जाणाऱ्या जहाजांची स्वच्छता तिथली सरकारी आरोग्य संस्था सीडीसी तपासते आणि १०० पैकी गुण जाहीर करते. ८५ किंवा कमी म्हणजे नापास. हे गुण इंटरनेटवर बघता येतात, आणि तिथे जुनी जहाजं नव्यांना मागे टाकताना सर्रास दिसतात.

पुन्हा मुंबईकडे. नागपूरहून विदर्भ, दुरांतो आणि सेवाग्राम या तिन्ही गाड्या सीएसएमटीला जातात, आणि बॅलार्ड पिअरचं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल तिथून टॅक्सीने जवळ आहे. २० सप्टेंबर २०२५ ला त्याचं उद्घाटन झालं. सकाळी उतरून दुपारी जहाजावर, हे कागदावर छान दिसतं. पण जहाज गाडीची वाट पाहत नाही. आदल्या दिवशी पोहोचा. समृद्धी महामार्गावरून कारने जाण्याचा विचार असेल तर आमण्यापर्यंत रस्ता मोकळा आहे, पुढची ठाणे-मुंबईची गर्दी आणि तीन दिवस गाडी ठेवायची जागा हा प्रश्न उरतोच.

तारीख ठरवताना विदर्भातल्या पालकांची एक खास चूक होते. आपल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, त्यामुळे जूनचा पहिला पंधरवडा रिकामा वाटतो. त्या वेळी पश्चिम किनाऱ्यावर पाऊस पोहोचलेला असतो, मासेमारीही बंद असते आणि कॉर्डेलिया पावसाळ्यात चेन्नईकडे जाते. मेच्या उत्तरार्धातही समुद्र हलू लागतो, आणि लहान जहाज मोठ्यापेक्षा जास्त डुलतं. स्टॅबिलायझर जुन्या जहाजांनाही असतात, पण ४८,००० टन आणि दीड लाख टन यांत फरक राहणारच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस धरा. पोट नाजूक असलेल्याची खोली जहाजाच्या मधोमध आणि खालच्या डेकवर घ्या, नाळेकडची किंवा सर्वात वरची नको. मागच्या टोकालाही इंजिनाची थरथर जाणवते, जुन्यात जरा जास्त.

पैशांची तुलना करताना भाडं भाड्याशी लावू नका. भाड्यात बंदर शुल्क, कर आणि माणशी-रात्री टीप मिळवा, मग वायफाय, पेयं, पैसे देऊन जेवायची रेस्टॉरंट. नव्या जहाजावर खर्च करायला भाग पाडणाऱ्या जागा जास्त. जुन्यावर त्या मुळात कमी, म्हणून शेवटचं बिल अंदाजाच्या जवळ राहतं. पहिल्यांदाच जाणाऱ्या घराने तीन रात्रींची जुन्या जहाजाची सफर करून बघावी, पोट आणि पोरं दोन्ही समुद्राला मानतात का ते कळतं, आणि नव्याचा मोठा खर्च त्यानंतर.

घरात गरोदर बाई असेल तर बहुतेक कंपन्या चोविसाव्या आठवड्यापासून घेत नाहीत. सफर संपायच्या दिवशीचा आठवडा धरतात, निघायचा नव्हे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळालाही सहसा मनाई.

तिकीट काढताना ‘गॅरंटी’ नावाचा स्वस्त प्रकार समोर येईल. त्यात खोलीचा वर्ग तुमचा, क्रमांक कंपनी देते. नव्या जहाजावर एका वर्गातल्या खोल्या बऱ्याच सारख्या असतात, तिथे घ्यायला हरकत नाही. जुन्या जहाजावर एकाच वर्गात खिडकीसमोर जीवरक्षक बोट टांगलेली खोलीही असते आणि डिस्कोच्या बरोबर खालची खोलीही. तिथे थोडे पैसे जास्त द्या, डेकचा नकाशा मागा, वर-खाली काय आहे ते बघा आणि क्रमांक पावतीवर लिहून घ्या.